अकरा कोकरं आणि युरियाचं पिंजर

गेले दोन-तीन महिने माझ्या शबनम पिशवीत वर्गाच्या हजेरीपटाशेजारी आणखी एक वही असते. तिच्यात अकरा नावं आहेत आणि त्यातलं एकही विद्यार्थ्याचं नाही. लाल्या, पांढरकपाळी, कानतुटका, जुळ्यातला थोरला, जुळ्यातला धाकटा अशी ती नावं. आमच्या स्टाफरूममध्ये ही वही एकदा चुकून उघडी राहिली आणि तेव्हापासून सहकारी मला 'मेंढपाळ सर' म्हणतात. मराठीचा प्राध्यापक कोकरांच्या मागे कसा लागला, ते आज सांगतो.

आमचे चुलत थोरले बंधू इचलकरंजीला यंत्रमागावर होते. रोज सायकलने जाणं-येणं. पुढे पाठीचा त्रास सुरू झाला आणि रात्रपाळी झेपेना. वहिनी रायबागकडच्या, माहेरची भाषा कन्नड. त्यांनी महिला बचत गटातून कर्ज उचललं आणि संक्रांतीनंतर तीन-साडेतीन महिन्यांची अकरा कोकरं आणली. बकरी ईदच्या आधी विकायची, कर्ज फेडायचं आणि उरलेल्यातून मुलीची नर्सिंगची फी भरायची, असा सरळ हिशोब. कर्ज वहिनींच्या नावावर, त्यामुळे दर आठवड्याला गटात मान वर करून बसायचं की खाली घालून, हे त्या अकरा जनावरांच्या वजनावर ठरणार होतं.

आता बोरगावात चारा म्हणाल तर ऊस, सोयाबीन, थोडी तंबाखू. दूधगंगेचं पाणी आल्यापासून पड जमीनच राहिली नाही. पूर्वी धनगरांचे कळप सुगीनंतर आमच्या रानात बसायचे. शेतकरी मेंढरं बसवायला धान्य द्यायचा आणि खत मिळवायचा. आजही कळप येतात, पण चरायला मोकळं रान शोधत त्यांना लांबवर जावं लागतं. तेव्हा दादांनी बंदिस्त मेंढीपालनाचा मार्ग धरला आणि चारा म्हणून चंदगड-आजऱ्याकडून टेंपोभर भाताचं पिंजर आणलं. कुणी त्याला पेंढा म्हणतं. आमच्या घरात वहिनींमुळे ते 'भत्तद हुल्लू' पण आहे.

पिंजर स्वस्त, पण त्याच्यात जनावराला मिळण्यासारखं फार थोडं. प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. त्यात वाळूसारखी सिलिका आणि लाकडात असतो तो लिग्निन. म्हणून दादांनी एका शिबिरात ऐकलेली युक्ती केली. शंभर किलो पिंजराला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवायचा, थराथराने शिंपडायचा, पायाने दाबायचं, वर प्लॅस्टिकचा कागद घालून कडेनं मातीने लिंपायचं आणि एकवीस दिवस हात लावायचा नाही. बंद हवेत युरियाचा अमोनिया होतो, तो काडीत मुरतो, तंतू फुगतात, लिग्निनची पकड सैल होते. पिंजर मऊ होतं आणि प्रथिनांचा आकडा साधारण दुप्पट होतो. ही कल्पना मुळात जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत चाऱ्याची टंचाई होती, तेव्हा बेकमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पेंढा कॉस्टिक सोड्यात भिजवून जनावरांना घालण्याची रीत बसवली होती. आपल्याकडे सोड्याऐवजी युरिया आला, कारण तो खताच्या दुकानात मिळतो.

दादांनी सगळं नेमकं केलं. एकविसाव्या दिवशी कागद उघडला तर डोळ्यांतून पाणी. पिंजर तपकिरी पिवळं झालेलं. शिबिरात सांगितल्याप्रमाणे काढलेलं पिंजर काही तास उन्हावाऱ्यात पसरलं, वास उडू दिला आणि मग गव्हाणीत घातलं.

कोकरांनी तोंड लावलं नाही.

दादा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी वहिनींनी जुन्या पिंजरात मूठभर नवं मिसळायला सुरुवात केली आणि आठवडाभरात कोकरं खाऊ लागली. यात नवल काही नाही. नवीन चव आली की मेंढी आधी संशय घेते. अमेरिकेत यूटा स्टेट विद्यापीठातल्या फ्रेडरिक प्रोव्हेन्झा यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे : काय खावं आणि काय टाळावं हे कोकरू आईच्या तोंडाकडे बघून शिकतं. ऑस्ट्रेलियात 1980च्या दशकात काही कोकरांना आईबरोबर थोडे दिवस गहू चाखवले होते, तर तीन वर्षांच्या आसपास उलटल्यावरही ती गहू ओळखून खात होती. ज्यांनी आईबरोबर चाखले नव्हते, ती गव्हाकडे बघत उभी राहिली. आमची अकरा कोकरं बाजारातून आलेली, आयांपासून तुटलेली. त्यांना शिकवायला कोण होतं? वहिनींची मूठ, एवढंच.

पण खरी अडचण पुढे आली. महिन्याने पोत्याची झोळी करून ताणकाट्यावर वजनं केली. आठ कोकरं बरी निघाली. दख्खनी जातीच्या कोकराने दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास वजन घेतलं तरी पाळणारा समाधानी असतो, तेवढी ती निघाली. तीन मात्र जागच्या जागी. त्यातली दोन म्हणजे ती जुळी. दादा म्हणाले, "चारा तोच, गव्हाण तीच, पाणी तेच. ह्या तिघांच्या रक्तातच नाही."

आता जुळ्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्या दोन्ही राज्यांचा त्यात हात आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतला एक जनुक, ज्याला फेक-बी म्हणतात, तो दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्ण' ही मेंढी तयार केली. एरवी एक कोकरू देणारी आपली मेंढी त्यामुळे बऱ्याचदा दोन देते. कर्नाटकातही ही मेंढी पोचली आहे. जुळं झालं की धनगर खूश होतो, आणि लगेच काळजीतही पडतो. कारण कोकरं दोन झाली तरी आईचं दूध दुप्पट होत नाही. जुळ्यातली कोकरं बहुधा अंगाने लहान राहतात. म्हणजे जनुकाने दिलेलं दान पदरात पडायचं की नाही, हे पुढे गव्हाणीवर ठरतं.

दादांच्या मते उपाय एकच होता. युरिया चाराऐवजी सहा किलो करायचा. "चाराने आठ वाढली, सहाने अकराही वाढतील." आणि पाठोपाठ दुसरी कल्पना : उसाचा हंगाम संपत आला आहे, वाडं फुकट मिळतंय, तेही युरियात मुरवू. पिंजरासारख्या काडीला गुण येतो, तर हिरव्या गोड वाड्याला किती येईल!

तर्क अगदी सरळ होता. मलाही पटला. वहिनींनाच काहीतरी टोचलं असावं, त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आधी डॉक्टरला विचारून या." मी आमच्या भागातल्या पशुवैद्यांकडे गेलो. ते स्टुलावरून उठूनच उभे राहिले. ते जे बोलले ते इथे नीट लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी परड्यात हा खड्डा असेलच.

पहिलं : जास्त युरिया म्हणजे जास्त चारा नव्हे. पोटातले जीवाणू अमोनिया वापरून स्वतःची प्रथिनं बनवतात, पण त्यासाठी त्यांना दाण्यातून, हिरव्या चाऱ्यातून ताकदही मिळावी लागते. ती नसेल तर उरलेला अमोनिया रक्तात जातो. जनावर फुगतं, तोंडाला फेस येतो, थरथरतं आणि तासाभरात जाऊ शकतं. असं काही दिसलं तर भरपूर गार पाणी आणि व्हिनेगर पाजतात, पण पाजता पाजता डॉक्टरला बोलवायचं, नंतर नाही. युरियाचं पाणी कालवलेली बादली उघडी ठेवू नये. जनावर ती पितं, आणि लहान मूलही हात घालतं. फार लहान कोकरांना हा चारा नाहीच. पोटातला रवंथाचा कप्पा पुरता तयार झाल्याशिवाय देऊ नये.

दुसरं, आणि हे मला अजिबात ठाऊक नव्हतं : साखर असलेल्या चांगल्या गवतावर अमोनियाची प्रक्रिया करायची नसते. अमेरिकेत चांगल्या प्रतीच्या गवतावर अमोनिया सोडून ते गाईंना घातलं, तेव्हा काही ठिकाणी जनावरं आणि त्यांच्या दुधावरची वासरं एकाएकी उधळली, गोल गोल धावली, कुंपणावर जाऊन आदळली. साखर आणि अमोनिया उष्णतेत एकत्र आले की फोर-मिथाइल इमिडाझोल नावाचं द्रव्य तयार होऊ शकतं, ते मेंदूवर जातं आणि दुधातूनही उतरतं. मेंढरांतही असं झालेलं आहे. म्हणजे ही प्रक्रिया निकस काडीसाठीच. वाडं मुरवायचं नाही. ते ताजं, कुट्टी करून, थोडं थोडं घालायचं.

मी घरी येऊन सांगितलं. दादा म्हणाले, "म्हणजे गरिबाला औषध, श्रीमंताला विष." हे त्यांचं वाक्य मी वर्गात कुठेतरी वापरणार आहे.

वाड्याचा खड्डा टळला, पण तीन कोकरांचं कोडं तसंच राहिलं. त्याच सुमारास वहिनींच्या आई, आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो, चार दिवस राहायला आल्या. त्यांचं लग्नानंतरचं निम्मं आयुष्य कळपाबरोबर गेलेलं. पावसाळा लागला की पूर्वेकडे अथणी-जतच्या कोरड्या रानात आणि उघडीप झाली की परत, अशी वाट. मराठी समजतं, बोलताना कन्नडच येतं. त्यांना गोठा दाखवला. मी युरिया, लिग्निन, प्रथिनं असं बरंच काही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मरी मेलुक हाकतावेनु?"

कोकरं रवंथ करतात का?

आम्ही तिघे एकमेकांकडे बघत राहिलो. कोणीच पाहिलं नव्हतं. चारा काय घातला, किती घातला, हे आम्ही पाहत होतो. कोकरू काय करतं, हे नाही. (कन्नडात मेलुकु हाकणं म्हणजे रवंथ करणं, आणि जुन्या आठवणी काढत बसणं यालाही तेच म्हणतात. माझ्या आईचं मराठी आणि बायकोचं कन्नड इथे अगदी एकाच जागी येऊन बसतं, कारण आपणही आठवणींचा रवंथच करतो.)

त्या रात्री अव्वा गोठ्यात खाटल्यावर बसून राहिल्या. मेंढरू बराचसा रवंथ रात्री, बसून करतं. सकाळी त्यांनी बोट दाखवून सांगितलं : हे, हे आणि हे. तिघांची जबडी रात्रभर फारशी हलली नाहीत. "होट्टी तुंबिल्ल." पोट भरलेलं नाही. ज्याच्या पोटात गेलंच नाही ते काय चघळणार?

मग मला माझ्या वहीची आठवण झाली. आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे एक सहकारी आहेत, त्यांनी पद्धत सांगितली. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचं आणि त्या क्षणी प्रत्येक कोकरू काय करतंय ते एका अक्षरात लिहायचं. खातंय, रवंथ करतंय, नुसतं उभं आहे, ढकललं जातंय. मी एका शनिवारी पहाटे सहाला बसलो आणि रविवारी रात्री उठलो. मधे जेवायला मुलगा बसला, तेवढा भाग त्याच्या अक्षरात आहे.

त्यातून जे दिसलं ते दिसायला इतकं साधं होतं की लाज वाटली. गव्हाणीत चारा पडला की अकरा कोकरं एकदमच धावायची. मेंढरू एकट्याने जेवत नाही, कळप खातो तेव्हा खातं, कळप बसला की बसतं. आमची गव्हाण सात-आठ तोंडांची. एका कोकराला साधारण फूटभर जागा लागते. मागे उरलेली तीन इकडून तिकडे फिरायची, फटीत डोकं घालायची, खांद्याचा धक्का खायची. बाकीची पोट भरून बसली की गव्हाण मोकळी व्हायची, पण तोवर कळप बसला म्हणून हीही बसायची. आणि उशिरा एखादं उठून गेलंच, तर पहिल्या आठांनी पानं, पात आणि वरून शिंपडलेली पेंड निवडून संपवलेली असायची. उरायची ती बुडख्याकडची जाड काडी. चारा एकच होता हे खरं, पण आठ कोकरं एक चारा खात होती आणि तीन दुसराच.

मग पुस्तकं उघडली. मेंढीच्या पोटातून चारा पुढे सरकायचा तर त्याचा कण सुमारे एक मिलिमीटर इतका बारीक व्हावा लागतो. तो होईपर्यंत पोट भरलेलंच राहतं आणि नवा घास आत जात नाही. काडी जितकी चिवट, तितका रवंथ जास्त. मेंढरू दिवसाचे आठ-आठ तास त्यात घालवतं. युरियाने मुरलेली काडी लवकर तुटते. म्हणजे चघळण्याचा वेळ वाचतो, पोट लवकर रिकामं होतं आणि कोकरू पुन्हा गव्हाणीकडे येतं. त्या परत येण्यात वाढ आहे. लहान तोंडाच्या, लहान पोटाच्या कोकराला याचा फायदा मोठ्यापेक्षा जास्त व्हायला हवा. पण वाचलेल्या वेळात त्याला गव्हाणीत तोंड घालायला मिळालं तर. आमच्याकडे झालं होतं उलटं : प्रक्रियेमुळे थोरली कोकरं भराभर खाऊ लागली, जास्त खाऊ लागली, आणि धाकट्यांसाठी आधी जे उरायचं तेही उरेना. चार किलो युरियाने आठांचं भलं केलं आणि तिघांचं नुकसान. दादांनी सहा किलो घातला असता तर काय झालं असतं, हा विचार मी फार वेळ करत नाही.

उपाय अव्वांनीच केला, आणि वहीची वाट न बघता केला. जुनी वाघर, म्हणजे धनगर कळपाभोवती लावतात ती जाळी, मागवून गोठ्याचा कोपरा तोडला. तीन लहानांना तिकडे घातलं. त्यांची वेगळी गोदली केली, जुन्या फळ्यांची. सकाळी एकदाच ढीगभर घालण्याऐवजी दिवसातून चारदा थोडं थोडं घालायला लावलं. आणि शेवरीच्या डहाळ्यांच्या जुड्या बांधून लहानांच्या तोंडाच्या उंचीवर टांगल्या. वाड्यावर मागे राहिलेल्या कोकरांना धनगर असाच पाला टांगतात. लोंबतं ते ओढून खायला कोकराला आवडतं, आणि खाली पडून तुडवलंही जात नाही. हिरव्या पाल्याने पोटातल्या जीवाणूंनाही ताकद मिळते, हे नंतर पशुवैद्यांनी सांगितलं. अव्वांना ते जीवाणू ठाऊक नव्हते. त्या म्हणाल्या होत्या, नुसतं सुकं घातलं तर मरीचं तोंड उदास होतं.

दादांना हे सगळं पटायला वेळ लागला. सासूबाईंनी गोठ्यात हात घातला याचं थोडं, आणि चारदा चारा घालायचं काम वाढलं याचं जास्त. पंधरा दिवस ते माझ्याशी तुटकच बोलत होते. पुढच्या महिन्यात ताणकाटा टांगला तेव्हा त्यांनी आधी त्या तिघांनाच झोळीत घातलं. काटा बघितला, पुन्हा उतरवून पुन्हा टांगलं. दोघं पुढे सरकली होती. जुळ्यातला धाकटा थोडाच. तो पहिल्या दोन महिन्यांत जे हरला ते पुरतं भरून येणार नव्हतं, हे अव्वांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

ईदच्या आधी दहा कोकरं गेली. गटाचं कर्ज फिटलं. फीचा पहिला हप्ता भरून झाला, दुसऱ्यासाठी थोडे कमी पडले, ते मी दिले आणि दादांनी ते वहीत उधार म्हणून लिहायला लावले, कोकरांच्याच वहीत. धाकटा विकला नाही. व्यापाऱ्याने त्याचा भाव इतका पाडून सांगितला की वहिनींनी दावं परत घेतलं.

अव्वा गावी गेल्या आहेत. रोज तिन्हीसांजेनंतर वहिनींच्या मोबाईलवर त्यांचा फोन येतो. लेकीची, नातीची चौकशी नंतर. वहिनी फोन कानाला तसाच धरून दादांकडे बघतात, आणि दादा काही न बोलता बॅटरी घेऊन गोठ्याकडे जातात.

परवा चंदगडच्या टेंपोवाल्याला त्यांनी पुन्हा पिंजराची ऑर्डर दिली. या खेपेला पंधरा कोकरं आणायचा विचार आहे. सुताराला बोलावून गव्हाणीचं माप घेणं चाललं होतं. मी अंगणात दिसताच म्हणाले, "रविवारी कॉलेज नाही ना? वही घेऊन ये."